अक्षराचं बोरन्हाण

तो एक दाणा बाकीच्यांपेक्षा मोठा होता आणि त्याचे काटे एका बाजूने झडलेले. मंदाकिनीने तो चष्म्याजवळ धरला, बोटांत फिरवला — घ्यावा की बशीत टाकून द्यावा... हाताला उगाच घाम येत होता, आणि घामाने हलवा चिकट होतो, दोऱ्याच्या गाठीत बसत नाही. हार अर्धा झाला होता, बांगड्या व्हायच्या होत्या, आणि चारला बायका येणार होत्या. सोफ्यावर अक्षराचा संक्रांतीचा काळा झगा पसरून ठेवला होता. खिडकीबाहेर, खूप खाली, नॉर्थ यॉर्कभर बर्फ.

नातीचं बोरन्हाण. त्यात घाबरायचं काय?

ऊर्मी परवा फोनवर म्हणाली होती, अगदी शांतपणे — लेक चिडली की शांत होते, बापावर गेली आहे — "आई, तुझ्या मैत्रिणींपैकी कोणीतरी तिच्या रंगावरून बोलणारच. ते मी गृहीत धरलंय. पण तू गप्प बसलीस ना, तर मी तिला उचलून निघेन. आणि परत आणणार नाही. आय मीन इट."

"अगं, कोण कशाला बोलेल..."

"सुनेत्रामावशी."

सुनेत्रा बोलणार हे मंदाकिनीलाही माहीत होतं. ऊर्मीच्या लग्नातही ती बोलली होती. जावई घानाचा, क्वाबेना, दारात मावणार नाही एवढा उंच, शाळेत गणित शिकवतो, हॉलभर हिंडून एकेका म्हातारीच्या पाया पडत होता, तेव्हा सुनेत्रा कानाशी लागून म्हणाली, "वळण छान आहे हो मुलाला. आता रंगाचं म्हणशील, तर तो काय धुवून जाणार?" आणि मंदाकिनी हसली होती. हसली म्हणजे... ओठ हलवले होते. आणि हीच सुनेत्रा, मंदाकिनीचे यजमान, देवदत्त, गेले त्या फेब्रुवारीत, बस बंद म्हणून बर्फातून चालत आली होती, पिठल्याचा डबा छातीशी धरून. जुन्या घराच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला, आणि पुढे कितीतरी रात्री नवऱ्याला सोडून हिच्याशेजारी झोपली. माणूस एकच. त्याचे दोन तुकडे करून एक ठेवायचा, एक टाकायचा — कसं जमायचं?

सकाळी तिने फोन लावलाही होता. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं — हे बघ सुनेत्रा, आज पोरीच्या रंगावरून काही नको. पण पलीकडून "बोल गं मंदे" आलं आणि हिच्या तोंडून निघालं, "तिळगुळाला चिक्कीचा गूळ घेतलास की साधा?" मग बराच वेळ गुळावरच.

मला बोलता येत नाही असं कुठे आहे? इतकी वर्षं लायब्ररीच्या काउंटरवर काढली मी, 'गो बॅक' म्हणणाऱ्या माणसाला कार्ड दाखवल्याशिवाय पुस्तक नेऊ दिलं नव्हतं. पण आपल्या बायकांत, हळदीकुंकवाच्या तबकाभोवती, जीभ वेगळीच होते... एकोणीस वर्षांची, साताऱ्याच्या माजघरातली, पाटावर मान खाली घालून बसलेली, आणि समोर मुलाची आत्या: "नाकीडोळी नीटस आहे, रंगच काय तो जरा..." वाक्य तिने पुरं केलं नाही, करायची गरज नव्हती. आईने त्याच संध्याकाळी डाळीचं पीठ सायीत कालवलं आणि इतकं घासलं, की कोपर सोलवटलं. आणि अक्षरा झाली तेव्हा आपण बहिणीला फोनवर काय सांगितलं? नाकीडोळी नीटस आहे गं. आणि तिथेच थांबलो. बहिणीने पुढचं विचारलं नाही — तिलाही ते ऐकू आलं असणार.

बायका आल्या, ऊर्मी आणि क्वाबेनाही आले, आणि सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणूनच मंदाकिनी पुन्हा पुन्हा सुनेत्राकडे बघत होती. चादरीवर, पाटावर अक्षरा, हलव्याचा मुकुट एका कानावर उतरलेला. बोरं मिळाली नाहीत म्हणून क्रॅनबेरी, उसाचे तुकडे, चुरमुरे, बारके मार्शमेलो. बायका मूठमूठ डोक्यावरून ओतत होत्या आणि ती मार्शमेलो तेवढे वेचून खात होती. "नो चुलमुले, आजी." क्वाबेना गुडघ्यावर बसून फोनवर व्हिडिओ घेत होता. ऊर्मी दाराशी उभी. तिचं लक्ष लेकीकडे नव्हतं, आईकडे होतं.

सुनेत्राने ओंजळ भरली, अलगद, मायेने रिकामी केली — खरंच मायेने — आणि मागे सरत म्हणाली, "मंदे, हिला काळा झगा कशाला गं? नुसता हलवाच दिसतोय."

संक्रांतीला काळं घालतात हे तिला का सांगायला हवं होतं? दोघीतिघी हसल्या. एकीचं हसू मध्येच थांबलं.

क्वाबेनाही हसला, सगळे हसतात म्हणून हसावं तसा, आणि फोन खाली घेऊन सासूकडे वळला. "व्हॉट डिड आंटी से, आई?"

तो नेहमी असंच विचारायचा, आणि ती नेहमी सांगायची, जरा गोड करून. आत्ताही वाक्य तयार होतं, चांगल्या इंग्रजीत — बाळ गोड दिसतंय म्हणते. कोणाला लागलं नसतं. सुनेत्रानेही भुवई उडवून तेच सुचवलं: सांग ना, गंमत केली म्हणून. पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं, आणि मंदाकिनीला एकदम उमगलं की त्याला कळलंय. आजच नाही, लग्नातही, पाया पडता पडता कळलं होतं. म्हणजे इतकी वर्षं हा जे विचारत होता, ते सुनेत्राबद्दल नव्हतंच, आपल्याबद्दल होतं...

खरं वाक्यही इंग्रजीत अवघड नव्हतं. सकाळपासूनची ती भीती — सुनेत्रा काय बोलेल — ती कुठे गेली कळेना. तिच्या जागी दुसरीच येऊन बसली होती, की आता आपण जे बोलू ते आपल्या आवाजात आपल्यालाच पहिल्यांदा ऐकू येणार. पण ही भीती, नवल म्हणजे, मान खाली घालायला लावत नव्हती. सगळ्यांचे हात थांबले होते. ऊर्मी एक पाऊल पुढे आली होती, लेकीला उचलायला की आणखी कशाला...

"थांब," मंदाकिनी म्हणाली, "सांगते." मराठीत म्हणाली, कोणाला, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.