सेफो सरांची तिसरी फेरी

सेफो सर फिजीतल्या सुव्हा शहरात हरले नव्हते, त्यांना हरवलं होतं, ही गोष्ट त्या गावातल्या पोरांना दात येण्याआधीच कळायची. आसपासच्या बेटांच्या बॉक्सिंग स्पर्धेतली शेवटची लढत, समोर फिजीचा विलिकेसा, पंच सगळे त्याच्याच बाजूचे, आणि शेवटी हात वर झाला तो विलिकेसाचा. गावाने ती लढत रेडिओवर ऐकली होती. तेव्हापासून दर स्वातंत्र्यदिनी जेवणं झाली, की सेफो सरांना मधोमध उभं करायचं, त्यांनी ठोशाठोशाने लढत सांगायची आणि गावाने चटया बडवत "चोर! चोर!" ओरडायचं, असा रिवाजच पडून गेला होता.

लांगीच्या घरी तर ही गोष्ट रोजचीच होती. तिचे बाबा, आउकुसो, त्या लढतीत सेफोच्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभे होते. सेफोला ठोसा मारायला शिकवलं तेही त्यांनीच. आता सेफो सरांचं पोट सुटलं होतं आणि ते शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत होते, पण बाबा अजून त्यांना "आमचा खरा विजेता" म्हणूनच हाक मारत.

म्हणून सरांनी बारावीच्या वर्गाला नवा प्रकल्प दिला, तेव्हा लांगीचा हात सगळ्यात आधी वर गेला. एक बॉक्सर निवडायचा आणि त्याच्या तंत्राचं मूल्यमापन करायचं.

"सर, कुठलाही बॉक्सर चालेल?"

"कुठलाही. पण लढत पूर्ण बघायची. नुसते पाडापाडीचे तुकडे बघून आलात तर याद राखा. पाय, बचाव, ठोसा, तोल, दम. प्रत्येकाला दहापैकी गुण आणि प्रत्येक गुणाला कारण. 'मला आवडतो' हे कारण नाही."

बाकीची पोरं अमेरिकेतल्या नामांकितांवर तुटून पडली. लांगीच्या डोक्यात वेगळंच होतं. गावाकडे तळमळ होती, पुरावा नव्हता. तो लांगी आणणार होती. तिने जोडीला मासेलिनोला घेतलं, कारण त्याची मावशी सुव्हात राहायची. मावशीने शोध घेतला तर विलिकेसाच्या मुलानेच ती जुनी लढत इंटरनेटवर टाकून ठेवलेली निघाली.

शनिवारी दुपारी दोघं मासेलिनोच्या घरात चटईवर पालथी पडून फोनमध्ये डोकं घालून बसली. पहिल्या फेरीत सेफो सर दिसले आणि लांगीने तोंडावर हातच ठेवला. काटकुळे, डोक्यावर झुलपं, आणि हात काय चालत होते! विलिकेसाला ते कळायच्या आत लागत होते. दुसरी फेरी तुल्यबळ. मग तिसरी सुरू झाली.

तिसऱ्या फेरीत सर रिंगच्या दोराला पाठ लावून गोल गोल सरकत राहिले. हात खाली आले. उजवा हात त्यांनी उचललाच नाही. विलिकेसा मात्र शांतपणे पुढे येत होता. पोटात एक, कानशिलावर एक, पुन्हा पोटात. सगळे अचूक बसलेले.

"परत लाव," लांगी म्हणाली.

परत लावली. आणखी एकदा लावली.

"कॅमेरा फिजीचा असणार," मासेलिनो म्हणाला.

"कॅमेरा ठोसे मारत नाही, मासेलिनो."

"बरं, ते जाऊ दे. बचावाला आठ लिही आणि मोकळी हो."

"कारण काय लिहू?"

"कारण ते आपले सर आहेत."

"ते कारण त्यांनीच बाद केलंय." लांगीने पेन उचललं. तिला वाटत होतं, चौथ्यांदा बघितली तर कदाचित वेगळी होईल. चौथ्यांदाही ती तशीच होती.

मासेलिनोला शेजारी उभं करून वर्गात तिने बॉक्सरचं नाव सांगितलं तेव्हा बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या. सर खिडकीशी हाताची घडी घालून उभे होते, गालातल्या गालात हसत. पहिली फेरी वाचून होईपर्यंत वर्ग खुशीत होता. तिसरी वाचायला घेतली आणि एकेक आवाज बंद होत गेला.

"तिसऱ्या फेरीत उजव्या हाताचा एकही ठोसा नाही. बचावाला चार, दमाला तीन," लांगीने वाचलं. मग तिने आवाज चढवला. "तिसरी फेरी विलिकेसाने स्पष्टपणे जिंकली. पंचांचा निर्णय बरोबर होता."

मागून एक चप्पल येऊन तिच्या खांद्यावर आदळली. सरांनी ती कुणाची, हेही विचारलं नाही. पुढे आले, तिच्या हातातला कागद घेतला आणि नीट घडी केली.

"शून्य. बस खाली."

मासेलिनो बसला. लांगी उभीच राहिली.

"कारण, सर?"

त्या शाळेत शिक्षकाला कारण कुणी विचारत नसे.

"प्रत्येक गुणाला कारण लागतं, असं तुम्हीच म्हणालात. मग शून्यालाही लागणारच ना?"

"बाहेर हो."

ती बाहेर गेली. पण लांब कुठे गेली नाही. खिडकीसमोर, सरांना दिसेल अशा जागी, घंटा होईपर्यंत उन्हात उभी राहिली.

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. बाबा अंगणात रोवलेल्या खुंट्यावर नारळ सोलत होते, आणि नारळ सोलताहेत की कुणाला भोसकताहेत, कळत नव्हतं.

"काय बरळलीस वर्गात?"

"जे दिसलं ते सांगितलं."

"तुला काय ठाऊक गं? तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?"

"नव्हता. म्हणून तर बघावं लागलं."

"मी तिथे होतो! हा इथे, हाताच्या अंतरावर!"

"मग तुम्हीच सांगा ना बाबा. तिसऱ्या फेरीत सरांनी उजवा हात का नाही चालवला?"

"कशाला चालवायचा? आपण पुढे होतो. मीच त्याला सांगितलं, आता लांब राहा, वेळ काढ, जिंकलोय आपण."

"पुढे आहात असं कोण म्हणालं?"

"मी!"

बाबांनी स्वतःचं उत्तर स्वतःच ऐकलं. हातातला नारळ तसाच राहिला. मग त्यांनी तो केळीत भिरकावून दिला.

"आजपासून माझ्याशी बोलायचं नाही."

आईने लांगीला आत ओढलं. "जा बाई, माफी मागायच्या आपल्या रिवाजाप्रमाणे डोक्यावर चटई घे आणि सरांच्या दाराशी जाऊन बस. ते उठवून घेईपर्यंत बस. मिटेल सगळं."

"चूक केली असती तर बसले असते."

"एवढा कसला गं ताठा?"

"ताठा नाही, आई. त्यांनी कारण सांगावं, मी आत्ता जाते." असं ती म्हणाली खरी, पण जेवताना बाबांनी शेगडीकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ फिरवून कंद खाल्ले, तेव्हा ती ताट तसंच सोडून उठली.

आठवडा असाच गेला. बसमध्ये तिच्या शेजारी मासेलिनोशिवाय कुणी बसेना. फळ्यावर कुणीतरी 'फिजीची लांगी' असं लिहिलं. तिने ते पुसलं नाही. खाली खडूने 'कारण लिहा' असं जोडलं आणि जागेवर जाऊन बसली.

शुक्रवारी सरांनी दोघांना खेळाच्या सामानाच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"आहे का ती फोनमध्ये?"

"सर, तुम्ही अजून बघितली नाहीत?" मासेलिनोच्या तोंडून निसटलं.

"कशाला बघायची? तोंडपाठ होती मला."

ते जुन्या गाद्यांच्या ढिगावर बसले आणि फोन दोन्ही हातांत धरला. पहिल्या फेरीत त्यांचे खांदे आपोआप हलत होते. तिसरीत थांबले. संपल्यावर त्यांनी स्वतःच मागे नेऊन तिसरी पुन्हा लावली. बाहेर पोरांचा रग्बीचा आरडाओरडा चालला होता.

"दमाला तीन का दिलेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही थकला होतात, सर."

"अजिबात नाही. पाय बघ. टाचा वर आहेत. थकलेला माणूस टाच टेकतो. मी थकलो नव्हतो, मी पळत होतो. दमाला सात कर."

"आणि बचावाला?"

"चार दिलेस, ते फार झाले. दोन." त्यांनी खिशातून तो घडी घातलेला कागद काढला, दोन्ही आकडे खोडून लिहिले आणि सही केली. "बाकी बरोबर आहे."

"निर्णयसुद्धा, सर?"

"बाकी म्हटलं ना मी." ते उठले, गुडघा चोळला. "मला माझं काही नाही गं. पण तो विलिकेसा बघ. इतकी वर्षं आमच्याकडे चोर म्हणून नांदतोय बिचारा, त्याला पत्तासुद्धा नाही."

स्वातंत्र्यदिनाला डुकरं भाजली गेली, नीरफणस निखाऱ्यात फुलले, आणि जेवणं उरकल्यावर नेहमीप्रमाणे सेफो सरांना मध्ये ढकललं. लोक चटया बडवायच्या तयारीत बसले. सरांनी पहिली फेरी सांगितली, दुसरी सांगितली. तिसरीला ते म्हणाले, "तिसरीत मी पळालो. त्याने मला मारलं. मी हरलो. विलिकेसा चोर नाही."

एकच गदारोळ उठला.

"बस खाली सेफो!" गावचा प्रमुख काठी आपटत म्हणाला. "ऊन लागलंय तुला."

"त्या पोरीने डोक्यात भरवलंय हे!"

"त्याला ओरडू नका!" हा आवाज बाबांचा होता. ते उठून सरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले होते. "लांब राहा, असं मी सांगितलं होतं. ओरडायचं तर मला ओरडा."

"तुम्हा दोघांनाही फिजीने विकत घेतलं!"

लांगीला राहवलं नाही. मासेलिनोच्या हातातला फोन हिसकावून ती पुढे घुसली. "कुणी बघितली आहे का लढत? एकाने तरी? इथे आहे, या आणि बघा!"

कुणीही पुढे आलं नाही. पहिल्या रांगेतली एक म्हातारी तेवढी कडाडली, "मी रेडिओवर ऐकली आहे. मला बघायची गरज नाही!" आणि त्या वाक्यावर गावाने अशा काही चटया बडवल्या की बास.

दुसऱ्या दिवशी गावच्या बैठकीने सणाचा विचका केल्याबद्दल सर आणि बाबा दोघांना मिळून दंड ठोठावला. एक मोठं डुक्कर.

डुक्कर बाबांचं होतं आणि त्याला जायचं नव्हतं. बाबा पुढून ओढत होते, सर मागून ढकलत होते. लांगी दारात उभी राहून बघत होती.

"बघत काय उभी राहिलीस?" बाबा तिच्याकडे न बघताच म्हणाले. "दोरी धर."

तिने दोरी धरली. सगळं गाव घराघरातून बघत असताना तिघांनी ते डुक्कर प्रमुखाच्या अंगणात आणून सोडलं. प्रमुख आत चटईवर बसला होता. त्याने समाधानाने मान हलवली.

"आता मिटलं," तो म्हणाला.

"डुक्कर घ्या," सेफो सर म्हणाले. "पण हरलो ते हरलोच."

प्रमुखाचं तोंड लाल झालं. "आणखी एक कोंबडी!"

बाबांनी घाम पुसला, सरांकडे पाहिलं, मग लांगीकडे वळले.

"जा गं," ते म्हणाले, "चांगली मोठी बघून आण."