मिटलेले पंख

बाबांनी तीस वर्षं संग्रहालयात फुलपाखरं टाचली. पंख पसरायचे, सुई बरोबर छातीत. आता अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला होता, एखादं तरी जिवंत कोषातून निघताना बघायचं. उशाशी खिडकीत घेवड्याची कुंडी होती. नखाएवढं एक निळं फुलपाखरू तिच्या कळ्यांवर अंडी घालून गेलं होतं. त्यातली एकच अळी तगली. हिरवी, चपटी, शेंगेत तोंड खुपसून बसलेली.

"मुंग्या आहेत ना गं तिच्याभोवती?" सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न हाच.

"आहेत हो बाबा. कधी लेकीचीही विचारपूस करा."

"अळीच्या पाठीतून गोड थेंब येतो, म्हणून त्या तिला माश्यांपासून राखतात. फुकटची चाकरी मुंगीसुद्धा करत नाही. तू तेवढी करतेस."

एका दुपारी औषधाच्या गोड वासाने मुंग्यांची रांग खिडकीतून थेट त्यांच्या अंगावर चढली. हातभर लाल चट्टे उठले. लेकीने चौकटीवर, कुंडीच्या काठावर मुंग्यांची पावडर भुरभुरली. संध्याकाळी रांग नव्हती.

"मुंग्या आहेत ना?"

"आहेत," ती म्हणाली.

दोन दिवसांनी अळीच्या पाठीवर एक बारीक काळी माशी शेपूट टोचून बसलेली दिसली. तिने फुंकर मारून उडवली. पुढे कोष झाला, तांदळाच्या दाण्याएवढा, तपकिरी. बाबांचं अन्न तुटलं. दिवस मोजणं मात्र सुटलं नाही.

दहाव्या सकाळी कोषाला बाजूने भोक पडलं. आतून ओल्या मिशा हलवत तसलीच काळी माशी बाहेर आली. मागे नुसतं टरफल.

बाबांची नजर आता खिडकीपर्यंत पोचत नव्हती.

"आलं का गं?"

"आलं, बाबा."

"कसं आहे?"

"निळं. कडेला पांढरी झालर."

"आणि पंख मिटले की?"

"तरी निळंच."

बाबा तिच्या हातावर थोपटत म्हणाले, "छान." आणि भिंतीकडे वळले.

चौथ्या दिवशी ते गेले.

त्यांची काचेची खोकी आवरताना तिला एकच फुलपाखरू पंख मिटून टाचलेलं सापडलं. मळकट राखाडी, वर काळे ठिपके. खाली बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'तेच निळं. मिटलं की असं.'