होळीपर्यंत दहा भारे

मोरघार कोंबड्या उचलते, हे मला मैनाबाईंनी सांगितलं, तेही कमरेवर हात ठेवून. १९९७ सालची गोष्ट. मी नाशिक रोडला शाळेत शिकवायची आणि दर रविवारी पहिल्या एसटीनं पेठच्या रानात पक्षी बघायला जायची. घरचे म्हणत, हिला उद्योग नाही. तिथं मैनाबाईंच्या बांधावरच्या ऐनाच्या झाडावर मला मोरघारीचं घरटं दिसलं. आत एकच पिल्लू, पांढरंशुभ्र. इतकी वर्षं रानं तुडवली, पण असं घरटं पाहिलेला माणूस मला भेटला नव्हता. मी आनंदानं रडले, लपवत नाही.

आणि त्याच झाडाखाली मैनाबाईंचे मालक पुंजादादा कोयता घेऊन उभे. नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं टाकायच्या जागेवर तिकडे फांद्या नि पाला पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही.

"दादा, एवढं झाड सोडा ना."

"आन् राब काय तुमच्या दुर्बिणीचा करू?"

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, या झाडाच्या बदल्यात मी पाल्याचे दहा भारे आणायचे, होळीपर्यंत. नाहीतर दादा चढणार.

पहिल्याच रविवारी दोन भारे वाळला पाला वाहिला, ऐटीत पसरला आणि घरी गेले. वर माती टाकायची असते, हे कोणाला ठाऊक! सगळा पाला वाऱ्यानं नेला. मैनाबाई हसून हसून खाली बसल्या.

होळी आली तेव्हा आठच भारे भरले होते. पिल्लू घरट्याच्या काठावर पंख फडफडवत होतं, पण उडेना.

"बोल म्हंजे बोल, बाई," म्हणत दादा झाडावर चढले. मी खालून ओरडत राहिले. मोरघार किंचाळत आली आणि दादांची टोपी उडवून गेली. दादा फांदीला मिठी मारून बसले. पिल्लानं त्यांच्याकडे पाहिलं आणि उडी टाकली. ते दगडासारखं खाली आलं, मग पंख उघडले, आणि दरी ओलांडून थेट पलीकडच्या सागावर!

"गेलं! मैने, गेलं बघ!" दादा झाडावरूनच ओरडले. मी तर नाचलेच.

दादा एकही फांदी न तोडता खाली उतरले.

"आता तोडा की," मी म्हटलं. "घरटं रिकामं आहे."

"पोरगं पह्यल्यांदाच भायेर गेलंय. सांजंला घरी नाय येनार?"

"आणि दोन भारे?"

मैनाबाईंनी विळा उचलला होता. "मी आनते," त्या म्हणाल्या. "तुम्हांला माती टाकायचं ध्यान ऱ्हात नाय."