चिठ्ठीवरची मोकळी जागा

“वाचून घ्या एकदा. दोनच ओळी आहेत,” आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी तो कागद ललिताच्या टेबलावर, दोन टेलिफोनांच्या मधे ठेवला.

कागदावर लिहिलं होतं, काल ‘पहिला चहा’ या कार्यक्रमात माझ्या हातून चुकीचा फोन जोडला गेला. ज्यांची मनं दुखावली असतील त्यांची मी क्षमा मागते. हे तिने कॅमेऱ्यासमोर म्हणायचं होतं, आठ वाजता, कार्यक्रम चालू असताना.

अकरा वर्षांत ललिताला कॅमेऱ्यासमोर कुणी बसवलं नव्हतं. नारायण पेठेतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ही वाहिनी चालायची. मालक आप्पासाहेब पूर्वी गच्च्यागच्च्यांवरून केबलच्या वायरी ओढायचे. मग शहरात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, लोकांच्या घरात दुसरा टीव्ही आला आणि आप्पासाहेबांची वाहिनी झाली. रोज सकाळी साडेसातला ‘पहिला चहा’ लागायचा. समोर कप ठेवून यज्ञेश्वर बसायचे आणि पुणेकर त्यांना घरून फोन करायचे. म्हणायला ती चर्चा. खरं तर रोज कुणातरी एकाची सालटी काढायची आणि बाकीच्यांनी ते बघत चहा प्यायचा, एवढाच तो प्रकार होता.

फोन आधी ललिताकडे यायचा. नाव, ठिकाण आणि काय विचारायचंय ते ती चिठ्ठीवर लिहायची आणि काचेच्या खिडकीतून आत सरकवायची. चिठ्ठी बघून यज्ञेश्वर म्हणायचे, “नमस्कार, सहकारनगरहून श्रीयुत अमुक अमुक.” त्यांच्या स्वतःच्या नावापुढे पडद्यावर आडनाव नसायचं. त्यांना त्याची कधी गरज पडली नाही. कार्यक्रम संपला की ललिता सगळ्या चिठ्ठ्या टेबलावरच्या तारेत खोचून ठेवायची.

कालचा विषय होता खासगी कंपन्यांतलं आरक्षण. त्या वर्षी वाहिन्यांना दुसरा विषयच नव्हता. विश्रांतवाडीहून नम्रता नावाच्या मुलीचा फोन आला. ती इंजिनिअर झालेली होती आणि हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये मुलाखती देत होती. मुलाखतीत वडील काय करतात हे का विचारतात, एवढंच तिला विचारायचं होतं. ते यज्ञेश्वरांनी तिला विचारूच दिलं नाही. “आडनाव?” ते म्हणाले. मग पुन्हा, “आडनाव सांगा, आडनाव. लाजताय कशाला?” ती गायकवाड म्हणाली. कुठले गायकवाड, हेही त्यांना हवं होतं. मग एक घोट घेऊन त्यांनी विचारलं, “मार्क स्वतःचे की सवलतीचे?” मुलगी रडायला लागली. ते रडणं अर्धं मिनिट शहरभर ऐकू गेलं आणि मग फोन तुटला.

संध्याकाळी माफी मागा म्हणत इमारतीखाली शंभरेक माणसं जमली. आज दहा वाजता ती पुन्हा येणार होती. आप्पासाहेबांनी तोडगा काढला की माफी ललिताने मागायची. ललिता विश्रांतवाडीची, बौद्ध. तिने माफी मागितली की खाली जमणाऱ्यांना बोलायला जागा राहणार नाही आणि यज्ञेश्वरांचा कप जागेवर राहील. हलकटपणा करायलाही डोकं लागतं आणि आप्पासाहेबांना ते भरपूर होतं.

नाही म्हटलं तर नोकरी जाणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. नवरा गेल्यापासून घर याच नोकरीवर चाललं होतं आणि मुलाचं, प्रज्ञेशचं, इंजिनिअरिंगचं एक वर्ष अजून बाकी होतं. सकाळी ती निघताना त्याने एवढंच विचारलं होतं की कालचा तो फोन तूच जोडलास ना. उत्तरासाठी तो थांबला नाही.

कागद हातात घेऊन ललिता मेकअपच्या आरशापाशी गेली. यज्ञेश्वर भांग नीट करत होते.

“तिचा प्रश्न चिठ्ठीवर लिहिला होता,” ती म्हणाली. “तुम्ही आडनाव का विचारलंत?”

“चिठ्ठीवर नव्हतं म्हणून.”

“बऱ्याच चिठ्ठ्यांवर नसतं.”

“बऱ्याच नाही, ठरावीक.” यज्ञेश्वर आरशातूनच बोलत होते. “अहो ललिताताई, गायकवाड काय, जाधव काय, आडनावावरून हल्ली काहीच कळत नाही. आपल्या चिठ्ठीवरून मात्र हमखास कळतं. बाकी सगळ्यांची आडनावं आपण लिहिता, स्वतःच्या लोकांची तेवढी गाळता. इतकी वर्षं मदत करताय, आभारच मानायला हवेत आपले.”

ललिता टेबलाशी येऊन बसली.

खोटं काहीच नव्हतं त्यात. आपल्यापैकी कुणाचा फोन आहे असं कळलं की ती आवाज उतरवून सांगायची, आडनाव राहू द्या, नुसतं नाव पुरे. आपण त्यांच्यावर पांघरूण घालतोय असं तिला वाटायचं. ही रीत ती इथेच शिकली होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी आप्पासाहेब म्हणाले होते, आम्ही ललिताताईच म्हणू, आडनाव कशाला हवंय. तिला तो चांगुलपणा वाटला होता. घरी जाऊन तिने सासऱ्यांना तो कौतुकाने सांगितलाही होता. सासरे भीमराव खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. रस्त्यावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत त्यांनी दारावर ‘ओव्हाळ’ अशी पाटी लावली होती. सुनेचं कौतुक ऐकून त्यांनी उठून रेडिओ लावला.

तिने तारेवरच्या चिठ्ठ्या उपसून काढल्या. जिथे जिथे नावापुढे जागा मोकळी होती, त्या माणसाला यज्ञेश्वरांनी चोर पकडल्यासारखं आडनाव विचारलं होतं. ज्याचं त्याचं नशीब, असं ती समजत आली होती. आता तिला स्वतःचीच शिसारी आली.

आठ वाजता तिला आतल्या खुर्चीत बसवलं. फोनवर उल्काला बसवलं होतं. एरवी ती पडद्यावरच्या पट्ट्या टाइप करायची. समोरच्या छोट्या टीव्हीत ललिताला स्वतःचा चेहरा दिसला. खाली पट्टी होती, ‘ललिताताई, टेलिफोन विभाग’.

“आमच्या सहकारी ललिताताई आपल्याला काही सांगू इच्छितात,” यज्ञेश्वर आवाजात मध घालून म्हणाले.

तिने कागदाची घडी केली.

“माझं नाव ललिता ओव्हाळ. राहणार विश्रांतवाडी,” ती म्हणाली. “काल फोन बरोबरच जोडला होता. चूक दुसरी झाली. नम्रता गायकवाडने मला पूर्ण नाव सांगितलं होतं, मी ते लिहिलं नाही. अकरा वर्षं मी माझ्या लोकांची आडनावं लिहिली नाहीत. लपवलं तर त्यांना नीट वागवतील असं वाटलं होतं. त्याची मी त्यांच्याकडे माफी मागते. तिचा प्रश्न होता, मुलाखतीत वडील काय करतात हे का विचारतात. तो अजून विचारायचा राहिलाय.”

यज्ञेश्वरांनी हाताने खूण केली आणि पडद्यावर लग्नाच्या बस्त्याची जाहिरात लागली. आप्पासाहेब दारातच उभे होते.

“उद्यापासून येण्याची तसदी घेऊ नका,” ते म्हणाले.

“आजचा कार्यक्रम साडेआठपर्यंत आहे,” ललिता म्हणाली आणि आपल्या टेबलाशी आली. उल्काने खुर्ची सोडली.

पहिलाच फोन येरवड्याच्या बाबुरावांचा होता. आठवड्यातून दोनदा तरी ते फोन करायचे आणि नुसतं ‘बाबुराव’ लिहा म्हणायचे, कारण ललितानेच त्यांना तसं शिकवलं होतं.

“टीव्ही बघितला आत्ता,” ते म्हणाले. “आता कसं लिहिणार, ताई?”

“पूर्ण सांगा.”

“बाबुराव भिकाजी पवार.” मग त्यांनी स्वतःच ते पुन्हा एकदा सांगितलं, थोडं मोठ्याने.

ललिताने ते ठळक अक्षरांत लिहिलं आणि चिठ्ठी खिडकीतून सरकवली. यज्ञेश्वरांची नजर नावापुढच्या नेहमीच्या जागी गेली. तिथे विचारायला काही शिल्लक नव्हतं. जाहिरात संपली, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला आणि सवयीनेच त्यांच्या तोंडून निघालं, “नमस्कार, येरवड्याहून श्रीयुत बाबुराव पवार.”

पलीकडून आवाज येईना. इतक्या वर्षांत बाबुरावांना इथे श्रीयुत कुणी म्हटलं नव्हतं. ललिताच्या कानाला अजून रिसीव्हर होता.

“बोला ना, पवारकाका,” ती हळूच म्हणाली. “लाइन चालू आहे.”