तेराव्या दगडाशी चौदा

मित्रांनो, सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसाजवळ काडेपेटीहून लहान अशी एखादी पितळी डबी तुम्ही पाहिली असेल, तर तुम्ही माझ्या जातीला ओळखता. माझे पुस्तकी नाव अंतरमापक. बोलताना सगळे मीटर म्हणतात. चाकाच्या एका तारेवर खुंटी बसवलेली असते. चाक एकदा फिरले की ती माझ्या पाच दातांच्या चांदणीला एक टिचकी मारते. आतली दातेरी चक्रे त्या टिचक्यांचे किलोमीटर करतात आणि काचेच्या झरोक्यात आकडा सरकतो. चढ किती दमवणारा होता, वारा कुठून येत होता, यातले मला काही कळत नाही. खरे तर अंतरही कळत नाही. मी फेऱ्या मोजतो. अंतर हे माझे अनुमान आहे.

माझा जन्म एका लांबट, भरपूर खिडक्यांच्या कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलाशी जाड चष्म्याच्या एक बाई बसत. त्यांनी मला तपासणीच्या चाकाला जोडले, हजार फेऱ्या दिल्या, आकडा पाहिला आणि मान हलवली. माझ्या पाठीवर ‘२८’ कोरलेले आहे. अठ्ठावीस इंची चाकावर माझे अनुमान अचूक ठरते. दुसऱ्या मापाच्या चाकावर टिचक्या खऱ्या आणि किलोमीटर खोटे.

पुढची कित्येक वर्षे मी एका दुकानाच्या कपाटात घंटा आणि पंप यांच्या मधोमध पडून होतो. गिऱ्हाइके घंटा वाजवून पाहत, पंप दाबून पाहत; माझ्याकडे पाहून ‘हे कशाला?’ म्हणत. दुकान बंद झाले तेव्हा उरलेसुरले सामान एका उपकरण-दुरुस्तीवाल्याच्या घरी गेले. त्यात मीही गेलो.

या गृहस्थांनी तीस वर्षे सर्वेक्षण कचेरीत तराजू, घड्याळे आणि दुर्बिणी दुरुस्त केल्या होत्या. स्वयंपाकघरातले घड्याळ अर्धा मिनिट मागे पडले तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. घरात ते आणि शाळेत विज्ञान शिकवणारी त्यांची लेक, अशी दोनच माणसे. तिसरे माणूस होते, पण त्याचे नाव निघत नसे. ते म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

या भावाची हकिकत मला त्या घराच्या भिंतींआडून तुकड्यातुकड्यांनी कळली. गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत एक छोटी रेल्वे जात असे आणि तिच्या शेवटच्या फाटकावर धाकटा भाऊ नोकरीला होता. ती गाडी चालवणे परवडते का, हे ठरवण्यासाठी कचेरीने प्रवासी मोजायला सांगितले. मोजणीला थोरल्यांसारखा काटेकोर माणूस दुसरा नव्हता. त्यांनी सहा दिवस गाडीत बसून डोकी मोजली आणि लिहून दिले : दररोज सरासरी अकरा प्रवासी. आकडा बरोबर होता. गाडी बंद झाली, रूळ उचलले गेले, भावाची नोकरी गेली. भाऊ एवढेच म्हणाला, “दादा, तू सगळी माणसं मोजलीस. मला तेवढं सोडलंस.” त्यानंतर अकरा वर्षे दोघे बोलले नाहीत. भाऊ फाटकाजवळच्या खोलीतच राहिला.

पुढे रुळांच्या जागी सायकलींसाठी वाट झाली. आणि त्याच सुमारास थोरल्यांच्या छातीत कळ आली.

डॉक्टर तोंडाचे फटकळ होते. “सायकल चालवा, औषधापेक्षा बरी. पण दिवसाला चाळीस किलोमीटर. एक्केचाळिसावा चालवलात तर परत माझ्याकडे येऊ नका, परस्पर वर जा.”

“मग मीटर लावा, बाबा,” लेक घरी आल्यावर म्हणाली. “आणि या सुट्टीत आपण शेवटपर्यंत जाऊ. काकांना भेटू.”

त्यांनी दुकानातून आलेल्या सामानाचा ट्रे काढला. भिंगातून माझ्या पाठीवरचा आकडा वाचला. मग सायकलच्या टायरवरचा वाचला : सव्वीस. पुन्हा माझा वाचला. लेक आत भांडी घासत होती. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिले आणि मला सव्वीस इंची चाकावर घट्ट बसवले.

मित्रांनो, लहान चाकाला तेवढ्याच वाटेत जास्त फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून त्या दिवसापासून मी दर तेरा किलोमीटरला चौदा दाखवू लागलो.

वाट मात्र सुरेख होती. तोंडाशी एकच पाटी, ‘वाहनांना बंदी’. बाकी काही लिहायची कोणाला गरज वाटली नव्हती. रेल्वेला मोठा चढ मानवत नाही, त्यामुळे ही वाट म्हातारपणालाही मानवत होती. दोन्ही बाजूंना शेते, मग लोखंडी पूल, मग ओस पडलेला फलाट आणि त्याच्या बाकावर हक्काने बसलेली एक शेळी. भोंगा नाही, धूर नाही. साखळीची कुरकुर आणि खडीची चुरचुर, एवढाच आवाज. बाप पुढे, लेक मागे.

निघताना मला शून्यावर आणलेले असे, आणि झरोक्यात चाळीस उमटत तिथेच एक मुक्कामाची खाणावळ होती. हा योगायोग मला बरेच दिवस योगायोगच वाटला. फाटक तिथून दोन किलोमीटरलाही थोडे कमी. खाणावळवाली दरवर्षी म्हणे, “अहो, कोसभरही नाही पुढे. भेटून या की भावाला!”

“चाळीस झाले,” ते माझ्याकडे बोट दाखवत. “डॉक्टरांची ताकीद आहे.”

“केवढी ती शिस्त!” बाई म्हणत. लेक खालच्या मानेने सायकलीला कुलूप लावी. दुसऱ्या दिवशी परतीचे चाळीस होतेच. दोघे माघारी वळत. अशी पाच वर्षे गेली. या पाच वर्षांत माझे जेवढे कौतुक झाले तेवढे पुन्हा कधी झाले नाही. ते मी निमूट स्वीकारले; मापकाला नाही म्हणता येत नाही.

सहाव्या वर्षी कोणीतरी वाटेकडेचे गवत कापून घेतले आणि गवतात गाडलेले रेल्वेचे जुने किलोमीटरचे दगड चुना लावून उभे केले. पहिल्या काही दगडांशी लेकीने सायकल बरोबरीला आणून, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या दगडाची वाट पाहिली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे ती मुलांना शिकवत असे. तेराव्या दगडाशी झरोक्यात नेमके चौदा उमटले, तेव्हा ती उतरली.

“बाबा, थांबा. दगड तेरा म्हणतो, मीटर चौदा.”

“दगड कुठे नीट बसवतात हे लोक.”

“तेराच्या तेरा दगड सारखेच चुकले?” ती गुडघ्यावर बसली आणि माझ्या पाठीवरची धूळ अंगठ्याने पुसली. “अठ्ठावीस. आणि चाक सव्वीसचं. चौदाला तेरा.”

“नजरचूक झाली असेल.”

“तुमची? घड्याळ अर्धा मिनिट मागे पडलं तर जेवत नाही तुम्ही. पाच वर्षं चुकीचं मीटर चालवाल?”

ते वाटेकडेच्या कठड्यावर बसले. लेकीने मनातल्या मनात आकडेमोड केली. तिचे ओठ हलताना दिसत होते. “म्हणजे खाणावळ सदतिसावर आहे. फाटक एकोणचाळिसावर. चाळीसच्या आत, बाबा. पहिल्या वर्षापासून आत होतं.”

“माहीत आहे.”

“मग?”

त्यांनी सायकलचे हँडल उगाच डावीउजवीकडे वळवले. “तो दारातून जा म्हणाला असता, तर चाळीस पुरे झाले नसते गं. परतीचा रस्ता फार लांब झाला असता. डॉक्टरांनी एक आकडा दिला होता. मी तो थोडा अलीकडे ओढला.”

“तुम्ही ठरवा,” लेक म्हणाली. “पण आजपासून माझ्यासमोर डॉक्टरांचं नाव घ्यायचं नाही. भीती वाटते म्हणा, मी इथूनच मागे वळते.”

ते उठले. सायकलवर बसले. वाटेत एकदाही त्यांनी खाली माझ्याकडे पाहिले नाही. खाणावळ आली; बाई दारात उभ्या होत्या. ते पुढे गेले. एक्केचाळीस उमटले, बेचाळीस उमटले. ते माझे आकडे होते. वाटेकडेच्या दगडावर ३९ होते.

फाटकाच्या खोलीबाहेर धाकटा भाऊ हापसा मारून बादली भरत होता. त्याने मान वर केली. हापसा थांबला.

“कोण, दादा?” मग लेकीकडे वळून, “आणि ही एवढी झाली?”

“हो.”

“खाणावळवाली सांगायची. दरवर्षी येतोस आणि दोन किलोमीटरवरून पळतोस. अरे, भिकारीसुद्धा दारापर्यंत येतो.”

थोरले सायकल धरूनच उभे होते. “त्या सहा दिवसांत,” ते म्हणाले, “तू सहाही दिवस हिरवा बावटा दाखवलास. मी खिडकीत होतो. पाहून न पाहिल्यासारखं केलं. फाटकवाले मोजायचे नाहीत, असा नियम होता.”

“नियम तुझा होता?”

“नाही. पण अहवालाखाली एक ओळ लिहिता आली असती. ती मी लिहिली नाही.”

धाकट्याने बादलीत तांब्या बुडवला, भरून बाहेर काढला आणि तसाच हातात धरला. “गाडी तरीही बंद झाली असती?”

“झाली असती.”

“मग लिहायचं होतंस ना, दादा,” तो म्हणाला आणि तांब्या पुढे केला.

थोरल्यांनी पाणी घेतले. तांब्या रिकामा करून परत दिला. लेक सायकलीला स्टँड लावण्यात अवाजवी वेळ घालवत होती. भावाने आतून दुसरी खुर्ची आणली, मग आठवून तिसरीही आणली.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मला पान्याने सोडवण्यात आले. आता मी फाटकाच्या खोलीच्या खिडकीत असतो. येणारी-जाणारी मुले माझी चांदणी बोटाने फिरवतात. एका दुपारी मी बसल्याजागी चार किलोमीटर गेलो. आत धूळ साचली आहे आणि तेल सुकले आहे. माझी तक्रार नाही, विनंती आहे. मित्रांनो, आपली मापे जपा. त्यांना तेल घाला, कोरडे ठेवा आणि वर्षातून एकदा तरी दगडाशी ताडून पाहा. माप बिघडले तर दुरुस्त होते. पण कोणी मुद्दाम चुकीचे माप लावले असेल, तर ते मापाला दुरुस्त करता येत नाही. ते घरातल्या कोणीतरी गुडघ्यावर बसून विचारावे लागते.

थोरले आता वर्षातून किती वेळा येतात, याची नोंद माझ्याकडे नाही. मला कोणी चाकाला जोडलेले नाही. भाऊ मात्र, एकट्याला एक पुरत असूनही, सकाळी हापशावर दोन बादल्या भरतो आणि वाटेकडे बघत दुसरीवर झाकण ठेवतो.