शाझलीच्या गाडीची थरथर

उमरान मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या भावांनी शाझलीला उसाच्या ट्रॉलीच्या चाकाला बांधलं आणि मला बोलावणं पाठवलं. बोलावणं म्हणजे दोन माणसं आणि दोन बंदुका. मी माझ्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात प्लग खरवडत बसलो होतो. मिस्त्रीला आमच्याकडे उस्ता म्हणतात.

"उस्ता बखीत, हत्यारं घे आणि चल."

"कुठली गाडी?"

"माणूस मारणारी."

गाडी मला ठाऊक होती. शाझलीची सात जणांची टॅक्सी, जुनी फ्रेंच. वीस वर्षं माझ्याच हाताखालून जात होती. आदल्या दिवशी दुपारी ती तालुक्याहून येताना कालव्याच्या पुलावर थांबलीच नाही. पुलावर उमरानची उसाने भरलेली गाढवगाडी आडवी होती. उमरान बंपर आणि कठड्याच्या मध्ये सापडला. कमरेखाली त्याचं काही राहिलं नव्हतं. तरी तो बराच वेळ जिवंत होता, पाणी मागत होता. गाढवाला गोळी घालावी लागली.

उमरानच्या आणि शाझलीच्या घरांमध्ये जुनं रक्त होतं. चौदा वर्षांपूर्वी कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून झालेल्या झटापटीत, कुणी न ठरवता, दोन्हीकडचा एकेक माणूस गेला होता. मग गावाचा पंच शेख गाद मध्ये पडला आणि ते कफनावर मिटलं. आमच्याकडे मारणारा स्वतःचं कफन दोन्ही हातांवर घेऊन अनवाणी मेलेल्याच्या दारात जातो, त्या घरचे त्याच्या मानेवर सुरी ठेवतात आणि मग त्याच्याऐवजी मेंढा कापतात. पण हे चुकून झालेल्या मरणाला. जाणूनबुजून मारलं असेल तर मेंढा चालत नाही.

म्हणून सगळा प्रश्न एकच होता. शाझलीने मुद्दाम मारलं, की गाडीने दगा दिला? पोलिसांना उमरानच्या घरच्यांनी ट्रॅक्टर उलटला असं सांगून परत पाठवलं होतं. शेख गादने दुपारच्या नमाजापर्यंतची मुदत घेतली होती. तोवर मी सांगायचं.

मी पोचलो तेव्हा शाझलीचा एक डोळा मिटला होता आणि कान अर्धा लोंबत होता. गाडीच्या सगळ्या काचा कुऱ्हाडीने फोडल्या होत्या, टप आत बसवला होता. इंजिन तेवढं वाचलं होतं, कारण शेख गाद, ऐंशी वर्षांचा माणूस, काठी घेऊन बॉनेटसमोर उभा राहिला होता.

"बघ उस्ता," तो म्हणाला. "जे असेल ते सांग. माझं कफन घरी तयार आहे, मला कुणाची भीती नाही. तूही घाबरू नकोस."

दाही, उमरानचा थोरला भाऊ, बंदूक मांडीवर घेऊन ट्रॉलीवर बसला होता. त्याच्या अंगरख्यावर अजून उमरानचं रक्त होतं. त्याने तो बदलला नव्हता.

"विचार त्याला काय झालं ते," दाही म्हणाला.

शाझलीने तोंडातलं रक्त थुंकलं. "ब्रेकचं पेडल दगड झालं होतं, उस्ता. दोन्ही पाय देऊन उभा राहिलो मी त्यावर. आईशपथ, उभा राहिलो!"

"चालू कर गाडी. दोष असेल तर ऐकू येईल," दाही मला म्हणाला.

मी चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. आणि शांत उभं राहिलं. मिसिंग नाही, थरथर नाही. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तर हलला नसता.

दाही खाली उतरला. "ऐका रे! आजारी गाडी ऐका! नवऱ्या मुलीसारखी उभी आहे!" तो हसत हसत शाझलीकडे गेला आणि बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात पडले. "ही दगा देणारी गाडी? हिला काय झालंय, हरामखोरा?" त्याने पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा शेखने काठी मध्ये घातली.

मी गाडीतच बसून होतो. इंजिन इतकं शांत का आहे ते त्या सगळ्या माणसांत मला एकट्याला माहीत होतं.

आठ दिवसांपूर्वी शाझली गाडी घेऊन आला होता. उभी केली की थडथडायची, आरसे हलायचे, बंद पडायची. "उस्ता, स्टँडवर लोक हसतात," तो म्हणाला. "म्हणतात, शाझलीच्या गाडीला हिवताप आलाय." मी एकेक प्लगची वायर काढून पाहिली. चारही सिलिंडर चालत होते. कार्बोरेटर खोलून फुंकला, बसवला. थरथर तशीच. मग ब्रेकवर पाय ठेवला आणि इंजिनाचा सूर बदलला. तिथे मला कळलं. इंजिन एका नळीने ब्रेकच्या डब्यातली हवा ओढतं, त्यामुळे पेडल हलकं होतं; त्या डब्यातला रबरी पडदा फाटला होता. तिथून चोरटी हवा इंजिनात शिरत होती. मी पक्कडने नळी दाबली. इंजिन लगेच शांत.

नवा डबा कैरोहून यायला महिना लागतो. शाझलीला गाडी उद्या हवी होती. मग मी केलं ते आमच्याकडचे सगळे मिस्त्री करतात. खजुराची बी घेतली, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, नळीत ठोकली आणि वरून तार आवळली. हवा बंद, थरथर बंद. ब्रेकची मदतही बंद: हळू थांबताना पेडल नुसतं जड लागतं, एकदम थांबायचं म्हटलं की दगड. आमचा रस्ता सपाट, आमचे ड्रायव्हर ब्रेकपेक्षा हॉर्नवर गाडी चालवतात, आणि पायात जोर असला की गाडी थांबते. पण शाझलीला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अशी गाडी मी नेत नाही, आणि गाडी महिनाभर माझ्या दारात पडली असती.

"उस्ता," शेख गाद म्हणाला. "दोष आहे की नाही?"

नाही म्हटलं तर शाझली त्या चाकालाच मरणार होता. आहे म्हटलं तर पुढचा प्रश्न येणारच होता. आणखी एक वाट होती, ती मला तेव्हा स्पष्ट दिसली, खोटं कशाला बोलू. शाझलीनेच केलं असेल, असं म्हणायचं. ड्रायव्हर लोक कुठेही काहीही ठोकतात. सगळ्यांनी मानलं असतं.

मी बॉनेट उघडलं. "दाही, इकडे ये."

"मी कशाला?"

"तुझा भाऊ मेलाय. तूच बघ."

तो आला, बंदूक माझ्या बरगडीला लावून उभा राहिला. मी तार सोडली, नळी काढली आणि बी खिळ्याने उकरून बाहेर पाडली. नळी परत बसवली. इंजिन लगेच थडथडायला लागलं. अख्खी गाडी हलली, दारात राहिलेल्या काचा खाली गळल्या. माणसं दोन पावलं मागे सरली.

"सिगारेट दे," मी म्हणालो. एकाने पेटवून दिली. दाहीला मी ड्रायव्हरच्या दाराशी नेलं, वाकवलं, आणि सिगारेट ब्रेकच्या पेडलच्या मागे धरली. धूर वर गेला नाही. दांडीच्या भोकातून आत ओढला गेला, जणू आत कुणी बसून ओढत होतं.

"बघितलंस? हवा इथून शिरते. डबा फाटलाय. फाटला म्हणून गाडी थरथरायची. ती थरथर थांबवायला कुणीतरी नळी बुजवली. नळी बुजवली की गाडी शांत आणि पेडल दगड. शाझली खरं बोलतोय."

दाही बराच वेळ वाकून धूर पाहत राहिला. मग सरळ झाला. "बी कुणी ठोकली?" त्याने बंदूक शाझलीकडे वळवली. "तू?"

शाझली माझ्याकडे बघत होता. त्याला काही कळलं नव्हतं, ते त्याच्या एका उघड्या डोळ्यात दिसत होतं.

"मी," मी म्हणालो. "आठ दिवसांपूर्वी. आणि त्याला सांगितलं नाही."

नुसतं इंजिन थडथडत होतं.

"मला सोडा," शाझली म्हणाला.

दाहीला काय वाटलं कोण जाणे, त्याने स्वतःच दोर कापला. शाझली उठला, लडखडला, माझ्या पेटीतला चाकाचा मोठा पाना उचलला. माझा उजवा हात मडगार्डवर होता. त्याने पाना त्यावर घातला. बोटं फुटल्याचा आवाज मी इंजिनावरून ऐकला.

"माझ्या पायाने माणूस मारलास तू!" तो ओरडला. "माझ्या पायाने! तो माझ्याकडे बघत होता, पाणी मागत होता!" दुसरा घाव खांद्यावर बसला. मी खाली पडलो. तिसरा डोक्यावर आला असता, पण दाहीने मागून त्याची मान धरली आणि त्याला मातीत आपटलं.

"मर्दा, तुझं काय गेलंय?" दाही म्हणाला. "मेलाय आमचा. याला मारायचं की नाही ते आमचं."

मग तो माझ्यासमोर उभा राहिला. बंदुकीची नळी माझ्या कपाळावर होती. गरम नव्हती, हे मला विचित्र वाटलं होतं. शेख गाद म्हणाला, "त्याने स्वतः तोंड उघडलं, दाही. गप्प बसला असता." दाही म्हणाला, "आधी गप्प बसला म्हणून तर." त्याने बंदूक फिरवली आणि इंजिनात गोळ्या घातल्या. रेडिएटर फुटला, वाफ उडाली, तरी ते थडथडत होतं. त्याने पुन्हा भरली, पुन्हा घातल्या. पाचव्या गोळीला ते थांबलं.

"उद्या सकाळी ये," तो म्हणाला. "कफन घेऊन."

दुसऱ्या दिवशी मी अनवाणी गेलो. उजवा हात टमाट्यासारखा सुजला होता, कफन त्यावरून घसरत होतं, म्हणून दातात एक टोक धरलं. वाटेत शाझली दारात उभा होता. तो माझ्या पायाशी थुंकला. मी चालत राहिलो. दाहीच्या अंगणात दोन्ही घरची माणसं रांगेने बसली होती. गच्चीवर उमरानची आई होती. ती खालच्या आवाजात सारखं म्हणत होती, "कापा. मेंढा नको. कापा."

मी गुडघ्यावर बसलो. दाहीने केस धरून मान मागे ओढली आणि सुरी ठेवली. रीत म्हणून ठेवतात तशी बोथट बाजूने नव्हती. धार टेकवली होती. तो माझ्या कानाशी वाकला.

"एक सांग. तू शाझलीला सांगितलं असतंस, तर तो पुलावर हळू आला असता?"

"हो," मी म्हणालो. "आला असता."

सुरी आत गेली. फार नाही, पण गेली. रक्त गळ्यावरून छातीत उतरलं. समोर बसलेल्या माणसांत कुणीतरी "अल्लाह" म्हणालं, शेख गाद उठून उभा राहिला. मी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर त्याला सोपं गेलं असतं असं मला वाटलं.

मग त्याने केस सोडले, मेंढा पुढे ओढला आणि एका ओढीत कापला. गच्चीवरची म्हातारी उठून आत गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं.

मेंढ्याचं रक्त माझ्या कफनावर उडालं, माझंही त्यावर होतं. घरी गेल्यावर बायकोने ते भिजत घालायला घेतलं. मी तिच्या हातातून काढून घेतलं आणि रक्तासकट घडी घालून ठेवलं.