कपाटासमोर ब्याण्णव किलो

दाजींच्या हातांना पट्ट्या गुंडाळताना माझेच हात थरथरत होते. मी न्हावी. वीस वर्षं लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवतोय, हात कधी हलला नाही. पण त्या रविवारी दुपारी पट्टीचं टोक दोनदा सुटलं.

“काय रे, थंडी वाजतेय का?” असं म्हणून दाजी मोठ्यानं हसले.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. एकेकाळचे हेवीवेट चॅम्पियन. किताब जिंकला तेव्हा वजन ब्याण्णव किलो, आणि आज चव्वेचाळिसाव्या वर्षीही तेवढंच. त्याचा त्यांना कोण अभिमान! त्यांच्या काळी तेवढ्यावर भागायचं. आता त्या गटात शंभराच्या आतला माणूस औषधालाही सापडत नाही.

सगळं सुरू झालं ते माझ्याच दुकानात. दाजी दाढीला बसले होते, शेजारच्या खुर्चीत एक कोच केस कापून घेत होता. तो ज्याला शिकवायचा त्या बॉक्सरला सगळे ‘कपाट’ म्हणायचे. कोच सहज बोलून गेला, “राग मानू नका, पण तुम्ही आजच्या गड्यांपुढे दोन फेऱ्याही टिकला नसता.”

दाजी फेसातून म्हणाले, “मी आत शिरलो असतो. उंच माणसाला पोटाशी आलेला माणूस दिसत नाही.”

“मग या की रविवारी आमच्या जिममध्ये. चार फेऱ्या, सरावापुरत्या. आमच्या पुढच्या लढतीतला गडीही बुटकाच आहे.”

मी वस्तरा हातात धरून उभाच राहिलो. मध्ये पडायला हवं होतं. नाही पडलो.

ताईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाली, “त्यांना अडवणं मला जन्मात जमलं नाही. तू कोपऱ्यात थांब. आणि ते फार हसायला लागले ना, तर समज, घाबरलेत.”

कपाट रिंगमध्ये आला तेव्हा दोरखंड कुरकुरले. एकशे चोवीस किलो. दाजींचं डोकं त्याच्या छातीला लागत होतं.

पहिली फेरी मात्र दाजींची. कपाटाचा लांबलचक डावा हात आला की ते खाली वाकायचे, तसेच आत घुसायचे आणि बरगड्यांवर दोन-तीन ठोसे हाणून बाजूला सरकायचे. दोरीच्या उड्या मारणारी पोरं थांबली. कोचचा चेहरा उतरला. एका ठोशाला कपाट कण्हलासुद्धा. मी मनातल्या मनात ताईला म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतो आपण.

दुसऱ्या फेरीत कपाटानं मारणंच सोडलं. दाजी आत शिरले की तो त्यांच्या मानेवर हात टाकायचा आणि सगळं अंग सोडून द्यायचा. बस्स, एवढंच. दाजींचे गुडघे वाकत गेले. ते सुटायचे, पुन्हा शिरायचे, पुन्हा तो डोंगर अंगावर. घंटा झाली तेव्हा ते स्टुलावर बसले नाहीत, कोसळले.

“ठोसे नाहीत रे,” ते धापा टाकत म्हणाले, “ठोसे मी खाईन. पण हे ओझं… माझ्या पायांना माझंच वजन झेलायची सवय.”

“थांबवू या.”

“गप्प.”

तिसऱ्या फेरीत ते आत शिरलेच नाहीत. पाय उचलतच नव्हते. कपाटाचा उजवा हात त्यांच्या कानशिलावर बसला, फार जोरात नाही, पण आवाज मला अजून ऐकू येतो. दाजी एका गुडघ्यावर गेले, उठले, फेरी संपेपर्यंत उभे राहिले. घंटा वाजली आणि ते चालत निघाले ते थेट कपाटाच्या कोपऱ्याकडे. तिथल्या स्टुलाजवळ जाऊन उभे राहिले, मी हाका मारतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी त्यांना दंडाला धरून आणलं.

“ही पहिली ना?” त्यांनी विचारलं. आणि हसले.

पलीकडून कोच ओरडला, “एकच राहिली! होऊन जाऊ दे!”

मी खिशातली कात्री काढली. दुकानातलीच. त्यांच्या डाव्या ग्लोव्हची नाडी कापली, मग उजव्याची. दोन्ही ग्लोव्ह ओढून काढले आणि रिंगबाहेर फेकले. दाजी माझ्याकडे टक लावून बघत राहिले.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी डोक्याच्या स्कॅनचा फोटो उजेडासमोर धरला. मेंदूत बारीकसा रक्तस्राव, आपोआप थांबलेला. “आणखी एक ठोसा बसला असता तर मी आत्ता तुमच्याशी असं बोलत नसते,” त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी कपाट भेटायला आला. शर्टाखाली छातीला पट्टा बांधलेला, दोन बरगड्यांना तडे. दारातच अवघडून उभा राहिला. “काका, पहिली फेरी आणखी अर्धं मिनिट चालली असती ना, तर मी खाली बसलो असतो.”

“पण नाही ना चालली,” दाजी म्हणाले.

तो गेल्यावर ताई डबा धुवायला उठली. खोलीत आम्ही दोघंच. दाजी छताकडे बघत म्हणाले, “तू नाडी कापत होतास तेव्हा मला हात मागे घेता आला असता.”

“मग का नाही घेतलात?”

त्यांचे डोळे भरून आले. “चौथ्या फेरीला उठायचं धाडसच होत नव्हतं रे. कुणीतरी काहीतरी करावं म्हणून नुसता हात पुढे धरून बसलो होतो.”

मी त्यांचा हात हातात घेतला. बोटांवरची सूज अजून उतरली नव्हती.